मियाजिमांच्या आकड्यांत शून्य का नाही? आणि २४ अंक वेगवेगळ्या वेगाने कसे चालवायचे?

कंदील:
जपानी कलाकार तात्सुओ मियाजिमांच्या एलईडी आकड्यांच्या धर्तीवर कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मांडणी करायची आहे. सामान: ०.५६ इंची लाल सेव्हन-सेगमेंट (सात रेघांनी आकडा दाखवणारे एलईडी) २४ (कॉमन कॅथोड), मॅक्स७२१९ (प्रत्येकी ८ अंक चालवणारी चिप) तीन, आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) एक. ९ ते १ उलटी मोजणी, प्रत्येकाचा वेग निराळा. डिले() ही थांबण्याची आज्ञा वापरली की सगळे एकाच तालात चालतात. शून्याच्या जागी अंधार का, हे फलकावर थोडक्यात कसं लिहू? आणि अंक पाण्यात ठेवता येतील का?

खटपट्या:
डिले() काढाच, तो संपेपर्यंत लूप पुढे सरकत नाही. प्रत्येक अंकासाठी तीन गोष्टी साठवा: चालू आकडा, मध्यंतर, शेवटच्या बदलाची वेळ. मिलिस() म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद; "मिलिस() वजा शेवटची वेळ" मध्यंतराइतकी झाली की तेवढाच अंक बदला. वजाबाकी अनसाइन्ड लाँगमध्येच (ऋण नसलेल्या मोठ्या पूर्णांकात) करा. "मिलिस() पुढच्या वेळेपेक्षा मोठा" अशी तुलना केलीत, तर ४९.७ दिवसांनी गिनती पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि गडबड उडते.
१ नंतर अंधारासाठी लेडकंट्रोल लायब्ररीच्या सेटचारमध्ये रिकामी जागा पाठवा. सेटडिजिटला १५ दिलेत तर पडद्यावर 'एफ' उमटेल. अंधार एका आकड्याइतकाच वेळ ठेवा, नाहीतर बघणाऱ्याला अंक बिघडलाय असं वाटतं.

वायरमन:
चिपच्या आयसेट पिनेला (ही करंट ठरवते) १० किलोओहमचा रोधक लावला तर सेगमेंटला साधारण ४० मिलिअँपिअर, म्हणजे बिंदूसह सगळे ८ सेगमेंट पेटल्यावर चिपमागे ३२० आणि तिन्ही मिळून जवळपास १ अँपिअर. यूएसबीवर भागणार नाही. ५ व्होल्ट २ अँपिअरची एसएमपीएस (वेगळा वीजपुरवठा) घ्या, तिचं आणि ऊनोचं ग्राउंड जोडा. अंधाऱ्या खोलीत तेजाची पातळी १५ पैकी २-३ पुरे.
मध्येच सगळे सेगमेंट पेटून अडकले, तर प्रोग्रामला दोष देण्याआधी चिपला खेटून ०.१ आणि १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत का बघा. ४ आणि ९ या दोन्ही पिना ग्राउंडला हव्यात. एक सुटली की असे चाळे सुरू होतात.

अर्धविराम:
फलकावर नुसतं "शून्य म्हणजे मृत्यू" लिहून थांबू नका. अंधारानंतर मोजणी पुन्हा ९ वर येते, त्यातच गोम आहे: मरण हा शेवट नाही. मियाजिमांची तीन सूत्रं आहेत: बदलत राहणं, सगळ्याशी जोडलेलं असणं, अखंड चालणं. ती बौद्ध विचारातून आली. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची शून्यताही "काहीच नाही" अशी नव्हेच, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.
जपानच्या नाओशिमा बेटावरच्या काडोया घरात, मियाजिमांच्या 'सी ऑफ टाइम ९८' या मांडणीत, पाण्यात १२५ अंक आहेत आणि प्रत्येकाचा वेग तिथल्या रहिवाशांनी ठरवलेला आहे. म्हणून वेग रँडम() ने देऊ नका. २४ माणसांना ठरवू द्या, नाहीतर उरते ती नुसती लुकलुकती पाटी.

खटपट्या:
हे पटलं. मग एक पोटेन्शिओमीटर आणि एक बटन लावा: फिरवा, दाबा, पुढचा अंक. मूल्यं ३०० ते ५००० मिलिसेकंदांत बसवून ईईपीरोममध्ये (बोर्डवरच्या कायमच्या मेमरीत) साठवा. २४ अंकांना ४८ बाइट लागतात, ऊनोत १०२४ आहेत. वीज गेली तरी वेग राहतील. मात्र बटन दाबल्यावरच लिहा, लूपमध्ये सतत लिहिलंत तर ईईपीरोम लवकर झिजेल.

वायरमन:
पाण्यात बुडवू नका, पाणी शिरू नये म्हणून ओतलेल्या एपॉक्सीत बुडबुडे राहिले की ओल शिरते. काळ्या तळाच्या ट्रेमध्ये २ सेंटीमीटर पाणी घ्या आणि अंक वर टांगा. पाणी स्थिर असलं की प्रतिबिंब पुरेसं खोल दिसतं. एसएमपीएस ट्रेपासून लांब, उंचावर.