जुलै लागला की पाच-प्लायची खोकी खालून बसतात. सात-प्लाय घ्यावी का?

पालदा_पॅकिंग
नमस्कार मंडळी. इंदूरहून शेव-मिक्स्चर बाहेरगावी पाठवतो, त्याच्या खोक्यांबद्दल नेमका सल्ला हवा आहे.

एका खोक्यात ४०० ग्रॅमची २० पाकिटं. आतलं माप ४५० × ३०० × ३२० मिमी, भरून वजन सुमारे ८.८ किलो. पाच-प्लाय म्हणजे कागदाचे पाच थर, दोन्ही फ्लूट (नागमोडी थर) नॅरो, म्हणजे बारीक नागमोडीचे. ऑर्डर अशी: बाहेरचा, मधला आणि आतला थर १२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), १८ बीएफ (कागदाच्या फाटण्याच्या ताकदीचा अंक), दोन्ही फ्लूट १०० जीएसएम, १६ बीएफ. गोदामात सात-सातची थप्पी, विटांच्या भिंतीसारखी सांधे मोडून. माल साधारण महिनाभर राहतो.

डिसेंबर ते मे काही तक्रार नाही. जुलैत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत खालची दोन खोकी बसतात. कोपरे आत दुमडतात, थप्पी कलते, आत शेवेचा चुरा. पुरवठादार म्हणतो सात-प्लाय घ्या.

आणखी एक. दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सला ३०० जीएसएम डुप्लेक्स (एका बाजूने पांढरा, गुळगुळीत बोर्ड) वापरतो. भरल्यावर पुढच्या-मागच्या बाजूला पोट येतं. ३५० केला तर थांबेल का?

खळ_आणि_क्राफ्ट
सात-प्लायची गरज नाही. आधी तुमची ऑर्डर बघू.

बीएफ गुणिले जीएसएम भागिले १००० म्हणजे त्या कागदाचं बर्स्टिंग. १२० × १८ चे २.१६, असे तीन थर मिळून ६.४८. फ्लूटचं प्रत्येकी १.६, आपल्याकडच्या रिवाजाने ते निम्मं धरायचं, म्हणजे दोन्हींचं मिळून १.६. एकूण ८ किलो प्रति चौरस सेंमी. आकडा चांगला आहे, पण पुठ्ठा आतून किंवा बाहेरून दाबला तर कधी फाटेल एवढंच तो सांगतो. तुमचं खोकं फाटत नाही, बसतंय. थप्पीचं ओझं उभ्या भिंती पेलतात, त्यातही बराचसा वाटा चार कोपऱ्यांचा. तिथे पुठ्ठ्याच्या कडेवर उभा दाब दिला तर तो किती सोसतो ते महत्त्वाचं. तपासणीत याला ईसीटी म्हणतात, आणि अख्ख्या खोक्याच्या दाबाला बीसीटी.

१९६३ साली मॅकी आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र आजही चालतं: बीसीटी = ५.८७ × ईसीटी × (परिमिती × जाडी) चं वर्गमूळ. तुमची परिमिती १.५ मीटर, जाडी साडेपाच मिमी धरू. या कागदांना ईसीटी ३.५ किलोन्यूटन प्रति मीटर धरला तर उत्तर १८६६ न्यूटन, म्हणजे १९० किलो. सर्वांत खालच्या खोक्यावर सहा खोकी, ५३ किलो. साडेतीन पट ताकद, मग बसतं कसं?

तो १९० चा आकडा कोरड्या खोक्याचा, मशीनवर काही सेकंद दाबल्यावरचा. हवेत ८० टक्के दमटपणा असला की त्यातलं ६८ टक्के उरतं, ९० टक्क्यांना ४८. सलग महिनाभर ओझं राहिलं की जे उरलं त्याचं ६० टक्के. सांधे मोडून रचलं की त्याचंही निम्मं. १९० × ०.६८ × ०.६ × ०.५ = ३९ किलो. ओझं ५३. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बसणारच.

आता त्याच खोक्यांची थप्पी सरळ करा, कोपऱ्यावर कोपरा: ७७ किलो. एक पैसा न घालता ताकद दुप्पट. मात्र ९० टक्के दमटपणाच्या दिवसांत हाच हिशोब ५५ वर येतो, म्हणजे ओझ्याच्या बरोबरीला. म्हणून थप्पी आज बदला, आणि पुढच्या ऑर्डरला कागदही बदला.

गोदाम_ते_गाडी
थप्पीबद्दल भर घालतो. सरळ रचली की ती डुलते, आणि सात खोक्यांची उंची सव्वादोन मीटर होते. खालचे सहा थर कोपऱ्यावर कोपरा ठेवा आणि फक्त सर्वांत वरचा थर सांधे मोडून ठेवा. त्या थरावर ओझंच नसतं, त्यामुळे ताकद जात नाही आणि थप्पी बांधली जाते. वरून स्ट्रेच फिल्मचे तीन-चार वेढे. फिल्म पॅलेटच्या लाकडालाही धरून घ्या, नाहीतर अख्खी थप्पी पॅलेटवरून सरकते.

पॅलेटच्या फळ्यांमधली फट पाहा. खोक्याचा कोपरा फटीवर आला तर तो कोपरा अधांतरी राहतो आणि ओझं उरलेल्या तिघांवर जातं. खोकं पॅलेटच्या बाहेर दोन-अडीच सेंमी आलं तरी तीच गत: भिंतीखाली आधारच नाही. फळ्या दूर असतील तर वर एक जाड पुठ्ठ्याचा ताव अंथरा.

थप्पी फरशीला किंवा भिंतीला टेकवू नका, भिंतीपासून हातभर अंतर ठेवा. पाऊस चालू असताना "हवा खेळू दे" म्हणून शटर उघडं ठेवणं उलट अंगाशी येतं. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते.

मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत सेंधव्याच्या घाटात माल पुढे-मागे ढकलला जातो. तिथे मोकळी जागा राहिली तर सरळ थप्पी कोसळते. शेवटच्या रांगेनंतर रिकाम्या खोक्यांनी किंवा हवेच्या पिशव्यांनी जागा भरून घ्या.

पालदा_पॅकिंग
खूप आभार. थप्पी कालच बदलून घेतली. पुठ्ठ्याबद्दल पुरवठादाराशी बोलले, तर तो म्हणाला रिकाम्या खोक्याचं वजन करून बघा, कागद पूर्ण दिलेला आहे. केलं, ६४० ग्रॅम भरलं. हे बरोबर आहे का?

खळ_आणि_क्राफ्ट
ताई, वजन बरोबर दिसतंय, पण पावसाळ्यात एवढ्यावर विश्वास ठेवू नका. हिशोब असा. तीन थर ३६० जीएसएम. नॅरो फ्लूटला सपाट कागदाच्या सुमारे १.३६ पट कागद लागतो, म्हणजे दोन फ्लूटचे २७२. चार जोडांची वाळलेली खळ ३५ धरा. एकूण ६६७. तुमच्या खोक्याला ०.९५ चौरस मीटर ताव लागतो, म्हणजे ६३४ ग्रॅम. पण हे आठ टक्के ओल धरून. पाणीही वजनात मोजलं जातं.

म्हणून थर सोडवून बघा. भिंतीच्या सपाट भागातून बरोबर १० × १० सेंमीचा तुकडा कापा, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. थर आपोआप सुटतात. बोटाने खळ पुसा, फ्लूट न ताणता सरळ करून त्याची लांबी मोजा. मग इस्त्रीखाली वाळवून, खोलीत दोन तास ठेवून, सोन्याच्या काट्यावर प्रत्येक थर वेगळा तोला. १२० जीएसएमचा थर १.२ ग्रॅम भरला पाहिजे.

पालदा_पॅकिंग
केलं. तिन्ही थर १.१८ ते १.२१. फ्लूट सरळ केल्यावर लांबी १३.६ सेंमी, वजन एकाचं १.१५, दुसऱ्याचं १.१६. तुकडा पाण्यात ठेवायच्या आधीच एक जोड आपोआप सुटला होता, कागदावर पांढरी पावडर होती.

खळ_आणि_क्राफ्ट
दोन्ही गोष्टी सापडल्या.

१.१५ ग्रॅम भागिले ०.०१३६ चौरस मीटर, म्हणजे ८५ जीएसएम. फ्लूट १०० ऐवजी ८५ चा आहे. बाहेरून दिसतो तो कागद पूर्ण, आतला कमी. असल्या कागदात कोरडं खोकं ५९५ ग्रॅम भरायला हवं. ६४० भरतंय, तर वरचे ४५ ग्रॅम पाणी आहे. ओल साडेचौदा टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे वजन पूर्ण भरतं ते ओलीमुळे, आणि तीच ओल खोकं बसवते.

पांढरी पावडर म्हणजे कच्ची राहिलेली खळ. मक्याचा स्टार्च पाण्यात नुसता ७० अंशांच्या पुढे शिजतो. कॉस्टिक सोडा घातला की ६० च्या आसपास, बोरॅक्सने चिकटपणा येतो. उष्णता कमी पडली किंवा कॉस्टिक कमी झालं की स्टार्चचे दाणे तसेच राहतात. जोड सुटला की फ्लूट आणि लाइनर (सपाट थर) वेगवेगळे वाकतात, मग सूत्रातली जाडी कागदावरच राहते. चांगल्या जोडाची ओळख सोपी: थर ओढून फाडला की कागदाचे तंतू उखडले पाहिजेत, स्वच्छ सुटता कामा नये.

अर्ध-स्वयंचलित कारखान्यात ताव चिकटवून, दाबाखाली ठेवून, मग वाळवतात. उन्हाळ्यात ते दिवसभरात होतं, पावसाळ्यात होत नाही, आणि ओला ताव तसाच स्लॉटिंगला, म्हणजे खाचा कापायला, जातो. मऊ फ्लूट क्रीज (घडीची रेघ) आणि छपाईच्या रोलरखाली चेपतो. छापील भागाची जाडी आणि कोऱ्या भागाची जाडी कॅलिपरने मोजा. फरक हाताला जाणवत असेल तर छपाईचा दाब जास्त आहे.

डाय_पंचिंग
गिफ्ट बॉक्सचं राहिलं. ३५० करण्याआधी धान्याची दिशा बघा, म्हणजे बोर्डात तंतू कोणत्या दिशेने लोळलेत ते. त्या दिशेने ताठपणा आडव्याच्या साधारण दुप्पट असतो. पोट येऊ नये म्हणून तंतू खोक्याभोवती आडवे फिरले पाहिजेत, उभ्या क्रीजना काटकोनात. तुमचे बहुतेक उभे आहेत, कारण तावावर तसे जास्त नग बसतात.

एक पट्टी कापून एका बाजूने ओली करा. ती ज्या अक्षाभोवती नळीसारखी वळेल, तीच धान्याची दिशा.

ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ३०० चा ३५० केलात तर सुमारे १.६ पट मिळेल, आणि बोर्डाचे पैसे सहाव्या हिश्शाने वाढतील. दिशा फिरवली तर दुप्पट. मांडणीत कदाचित तावामागे एखादा नग कमी होईल, तेवढाच खर्च. मात्र आडव्या धान्यावर घडी तडकू शकते, म्हणून क्रीजची खाच नीट हवी: बोर्डाच्या जाडीची दीडपट अधिक क्रीज पट्टीची जाडी. ०.४ मिमी बोर्ड, ०.७ ची पट्टी, तर खाच १.३ मिमी.

ग्रे-बॅक, म्हणजे मागून करडा, डुप्लेक्स रद्दीपासून बनतो, तेव्हा शेव थेट त्यात ओतू नका, आत सीलबंद पाकीटच असू द्या.

पालदा_पॅकिंग
पुढची ऑर्डर नेमकी कशी लिहू? आणि बाहेरून पाणी-रोधक कोटिंग घेऊ का?

खळ_आणि_क्राफ्ट
कोटिंग गाडीतल्या पावसाच्या थेंबांपासून वाचवतं, हवेतल्या ओलीपासून नाही. वाफ कापलेल्या कडांमधून आणि आतून शिरतेच. बाहेरच्या थराचं कॉब, म्हणजे कागद किती पाणी शोषतो त्याचं माप, ६० सेकंदांचं, चौरस मीटरला ४० ग्रॅमच्या आत एवढं लिहिलंत तरी पुरे.

प्लायची संख्या लिहा, पण तिच्यावर थांबू नका. असं लिहा: खोक्याचा बीसीटी किमान ३०० किलो, २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत चोवीस तास ठेवून तपासलेला. फ्लूट उभा. पोचवताना ओल १० टक्क्यांच्या आत. थर सोडवून तपासल्यावर कोणताही कागद पाच टक्क्यांहून कमी भरला तर माल परत. ३०० साठी ईसीटी साडेपाचच्या आसपास लागेल. तीन थर १५० जीएसएम २२ बीएफ आणि फ्लूट १४० पासून सुरुवात करून पाच नगांचा नमुना दाबून घ्या. फ्लूट जड केल्याने मिळणारी ताकद बाहेरचा थर जड करण्यापेक्षा स्वस्त पडते, कारण तो कागद दिसत नाही आणि चकचकीत असावा लागत नाही.

जून ते सप्टेंबरचा साठा मेमध्ये बनवून, पॅलेटवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवता आला तर उत्तम. फक्त मेच्या कोरड्या हवेत कागदाची ओल पाचच्या खाली गेली की क्रीजवर बाहेरचा थर तडकतो, तेव्हा क्रीज करण्याआधी ताव किंचित दमट करायला सांगा. आणि जोडावर पिना असतील तर तार गॅल्व्हनाइज्ड घ्या, पाच सेंमी अंतरावर, तिरप्या. साध्या तारेचा गंज ऑगस्टपर्यंत पाकिटाला लागतो.