चर्चच्या रंगीत काचांचे फोटो: लेन्स, वेळ आणि एक्स्पोजरबद्दल सल्ला हवा

शाहुपुरीकर
कोल्हापुरातल्या एका जुन्या चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांचे नोंदीसाठी फोटो काढायचे आहेत. परवानगी मिळाली आहे. खिडक्या जमिनीपासून ७-८ फुटांवर सुरू होतात, दक्षिणेच्या बाजूला बाहेर झाड आहे. फुल फ्रेम कॅमेरा, २४-७० आणि ७०-२०० मिमीच्या लेन्स आहेत. वेळ कुठली धरू? फ्लॅश लागेल का?

पन्हाळा_ट्रायपॉड
फ्लॅश अजिबात नको. रंग दिसतो तो बाहेरून काचेतून येणाऱ्या उजेडामुळे. आतून प्रकाश मारलात की काच काळपट दिसते आणि वर फ्लॅशचा ठिपका उमटतो. आतल्या ट्यूबही बंद करायला सांगा.

वेळेपेक्षा आभाळ बघा. ढगाळ दिवस उत्तम, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ते मोप मिळतात. कडक उन्हात फांद्यांची आणि बाहेर जाळी असेल तर तिचीही सावली काचेवर पडते, ती नंतर काही केल्या निघत नाही. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेलाच, तेव्हा त्या बाजूला हाच त्रास.

७०-२०० घ्या आणि समोरच्या भिंतीपर्यंत मागे जा. जवळून कॅमेरा वर केलात की खिडकी वर निमुळती होते. सॉफ्टवेअरमध्ये सरळ होते, पण वरचा भाग ताणला जाऊन तपशील मरतो. चारी बाजूंनी थोडी जागा सोडा.

आयएसओ १००, एफ/८, रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल), २ सेकंदांचा टायमर, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. मध्यम उजळ काचेवर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजणं) करून १-१ स्टॉपच्या, म्हणजे दरवेळी दुप्पट किंवा निम्म्या उजेडाच्या, फरकाने ५ फ्रेम. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लाल, हिरवा, निळा असा तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. एकत्र आलेख ठीक दिसतो आणि लाल किंवा निळा आधीच फुटलेला (अति उजळून तपशील गेलेला) असतो. मग काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांवर झूम करा. एक्स्पोजर जास्त झालं की शेजारचा उजेड पसरून पट्टी बारीक दिसते, चेहऱ्यावरच्या रंगवलेल्या रेघा तर गायबच. पट्टीची कड धारदार दिसेल तीच फ्रेम ठेवा.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेनुसार रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर नको, निळ्या खिडकीचा निळाच तो उतरवून टाकतो. ५५०० ते ६५०० केल्व्हिनमधला एकच आकडा सगळ्या खिडक्यांना.

रंकाळा_क्लिक
यूव्ही फिल्टर काढून ठेवा, अंधारातल्या उजळ खिडकीचं भूत, म्हणजे फिकट प्रतिबिंब, त्यातच उमटतं. आणि न्यू पॅलेसच्या दरबार हॉलमधल्या शिवचरित्राच्या काचा एकदा निवांत बघून या. उजेड बदलला की रंग किती बदलतो ते लक्षात येईल.

शाहुपुरीकर
आभारी आहे. झाडामुळे खालच्या भागात हिरवट झाक येते, त्याचं काय करू?

पन्हाळा_ट्रायपॉड
बाहेरून काचेपासून २-३ फूट अंतरावर पांढरा कपडा ताणा. मांजरपाट नको, तो पिवळसर असतो. धुवट पांढरी चादर घ्या, इस्त्री करून, कारण फिकट काचेतून सुरकुतीही दिसते. उजेड कमी होईल, एक्स्पोजर पुन्हा मोजा. शिडी भिंतीला टेकवा, चौकटीला नाही. आणि काच स्वतः पुसायला जाऊ नका, ओल्या फडक्याने तर नाहीच. जुना रंग नीट भाजला गेला नसेल तर रेघा फडक्यावर येतात. धूळ दिसली तरी चालेल.