सल्ला हवा: नाशिकच्या हवेत बॉल पायथनला घर कोणतं द्यावं? काच, लाकूड की प्लास्टिकचा टब?

पाथर्डीफाटा_चौथामजला

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याची बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान बिनविषारी अजगर, माझ्याकडे आली. मादी आहे, तीन वर्षांची, वजन ११५० ग्रॅम, लांबी साधारण साडेतीन फूट. परिवेश पोर्टलवर (परदेशी प्राण्यांची नोंद करायचं सरकारी संकेतस्थळ) त्याच्या नावाने नोंद होती आणि हस्तांतराची माहितीही आम्ही भरली आहे, त्यामुळे कागदांची काळजी नाही. काळजी तिच्या घराची आहे.

सध्या ती माशांच्या जुन्या काचेच्या टाकीत राहते. तीन फूट बाय सव्वा फूट, वर जाळीचं झाकण, खाली वर्तमानपत्र. पुण्यात भावाकडे तळमजल्यावर तिचं बरं चाललं होतं. आमचा फ्लॅट सर्वात वरचा, डोक्यावर थेट स्लॅब. एप्रिलपासून दुपारी खोलीत ३६ अंश होतात आणि टाकीतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या वर जात नाही. मागची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि डाव्या डोळ्यावरची तशीच राहिली. पाच आठवड्यांत तिने काही खाल्लेलं नाही.

पावसाळ्याच्या आत नवीन पेटी करायची आहे. बजेट पंधरा हजारांपर्यंत. मोठी काचेची टाकी घेऊ, सुताराकडून लाकडी करून घेऊ, की टब? आईला सापाची भीती नाही, तो निसटण्याची आहे. नाशिकमध्ये पाळणाऱ्यांनी कृपया सांगा.

बिटको_चौक

दादा, नऊ वर्षं माझ्याकडे दोन आहेत, वेगवेगळ्या पेट्यांत. पहिली चार वर्षं मी काचेवर काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेटीच्या आधी खोली ठरवा. पेटी आतली ऊब धरून ठेवते, ओलावा धरून ठेवते, पण खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. या सापाला एका टोकाला ३१ ते ३३ अंशांची जागा लागते आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ ची. दोन्हींमध्ये तो स्वतः जा-ये करून अंगाचं तापमान सांभाळतो. तुमच्या खोलीतच दुपारी ३६ असतील तर थंड टोक नावालाही उरत नाही. तुम्ही उत्तमातली उत्तम पेटी आणलीत तरी तिला पळायला जागा नाही. न खाण्याचं एक कारण तिथेच असू शकतं. घरात पूर्वेची किंवा उत्तरेची खोली असेल, ऊन थेट भिंतीवर न येणारी, तर साप आजच तिकडे हलवा. पेटी नंतर येऊ द्या.

आता काचेबद्दल. काच वाईट नाही, पण जाळीचं झाकण आपल्या उन्हाळ्यात ओलावा टिकू देत नाही. सकाळी पाणी शिंपडा, दुपारी पुन्हा ३० टक्के. नवी पेटी येईपर्यंत जाळीचा दोन तृतीयांश भाग अॅक्रिलिक शीटने झाका. वर्तमानपत्र काढा आणि नर्सरीत मिळतो तो नारळाच्या सालीचा चुरा, कोको चिप्स म्हणून मागा, तीन बोटं जाड पसरा. तो नुसता खताशिवायचाच आहे ना हे विचारून घ्या. पाणी वरून फवारण्यापेक्षा कोपऱ्यातून तळाशी ओता, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहतो. तिचं पोट ओल्यावर राहता कामा नये. एरवी ५५ ते ७० टक्के आर्द्रता ठेवा, कात टाकायच्या दिवसांत थोडी जास्त.

डोळ्यावरची कात नखाने किंवा चिमट्याने काढायला जाऊ नका. ओलावा नीट ठेवला तर बहुतेक वेळा पुढच्या कातीबरोबर ती निघून येते. नाही निघाली तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे जा.

मोठ्या मादीला चार फूट बाय दोन फूट बाय दोन फूट ही मी किमान जागा मानते. "बॉल पायथनला लहान जागाच आवडते" असं खूप जण सांगतात. त्याला आडोसा आवडतो. मोठ्या पेटीत आडोसे भरपूर असतील तर तो निर्धास्त फिरतो. मोकळी मोठी पेटी मात्र नको. दोन लपणी हवीतच, एक गरम टोकाला, एक थंड टोकाला, दोन्ही सारखी आणि अंगाला घट्ट बसणारी. वेगवेगळी असली तर साप आवडत्या लपणीत बसून राहतो आणि तापमान चुकीचं असलं तरी हलत नाही.

सातपूर_फर्निचर

माझा मॉड्युलर किचनचा धंदा आहे. साप पाळत नाही, पण अशा चार पेट्या करून दिल्यात, म्हणून मटेरियलचं सांगतो.

साधा प्लाय नको. पाणी सांडणार, ओला चुरा राहणार, सहा महिन्यांत कडा फुगतात, आणि वाळवीचं वेगळं. मरीन प्लाय घेतला तरी आतून सील करावा लागतो आणि वास जाईपर्यंत रिकामा ठेवावा लागतो. त्यापेक्षा ट्रॉल्यांना वापरतो तो डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला) नाहीतर पीव्हीसी बोर्ड घ्या, १८ मिमीचा. पाणी पीत नाही, वाळवी लागत नाही, आणि काचेपेक्षा ऊब धरतो.

चार बाय दोन बाय दोनची पेटी आठ बाय चारच्या एकाच शीटमध्ये निघते. तळ, छत आणि पाठ आठ-आठ चौरस फूट, दोन बाजू चार-चार, झाले ३२. करवतीत आणि बोर्डाच्या जाडीत थोडं जातं, म्हणून मापं बाहेरून धरा, आतून इंच-दीड इंच कमी मिळेल. पुढे ५ मिमीच्या दोन सरकत्या काचा, कडा घासून घेतलेल्या, शोकेसच्या ट्रॅकमध्ये. ट्रॅकखाली चार इंचांची पट्टी ठेवायला सांगा, नाहीतर काच उघडली की चुरा बाहेर येतो आणि ट्रॅकमध्ये अडकतो. ती पट्टी शीटच्या उरल्यासुरल्या तुकड्यांत निघत नाही, दुकानातून वेगळी मागून घ्या. आतल्या सांध्यांना मत्स्यालयाचा सिलिकॉन.

एक लक्षात ठेवा. पीव्हीसी जास्त उष्णतेत मऊ पडतो. छताला गरम बल्ब टेकेल असं काही करू नका.

बिटको_चौक

सातपूर दादांनी माझं काम सोपं केलं. माझी दुसरी पेटी याच बोर्डाची आहे आणि मे महिन्यातही ओलावा साठाच्या आसपास राहतो.

पण हीच पेटी जुलैत त्रास देते, ते सांगायला हवं. आपल्याकडे पावसात बाहेरचीच हवा इतकी दमट असते की बंद पेटीत आर्द्रता ९० च्या पुढे जाते आणि चुरा सुकतच नाही. माझ्या मादीच्या पोटाच्या खवल्यांवर लालसर फोड आले ते अशाच एका ऑगस्टमध्ये. वेळेत लक्षात आलं, औषधाने बरी झाली, पण ते पोट अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून हवेची भोकं आधीच जास्त पाडून घ्या: थंड बाजूला खाली, गरम बाजूला वर, समोरासमोर, म्हणजे हवा आरपार खेळते. आतून स्टीलची बारीक जाळी. उन्हाळ्यात अर्धी भोकं पट्टीने झाका, पावसात सगळी उघडा आणि चुऱ्याचा थर पातळ करा. परदेशी व्हिडिओंमध्ये वर्षभर एकच आकडा सांगतात. आपल्याला एकाच पेटीत तीन ऋतू चालवायचे आहेत. हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा, घाना, टोगो, बेनिनकडचा. कोरडे महिने आणि पावसाचे महिने त्यालाही नवे नाहीत. पण तिथे तो उंदरांच्या बिळात, वाळवीच्या वारुळात शिरून आपली हवा आपण निवडतो. पेटीत ती निवड आपल्या हातात असते.

टबवाला_द्वारका

इतका खर्च कशाला? माझ्याकडे सहा आहेत, सगळे प्लास्टिकच्या टबमध्ये, बाजूला सोल्डरिंगने पाडलेली भोकं, खाली हीट मॅट. ओलावा टिकतो, साप खातात, साफसफाई दहा मिनिटांत. पाच आठवडे न खाणाऱ्या सापाला तर मी आधी टबमध्येच टाकेन. अंधार, अरुंद जागा, शांतता. ताईंच्या चार फुटी पेटीत घाबरलेला साप आणखी घाबरेल.

बिटको_चौक

दादा, पिलासाठी, आजारी सापासाठी, किंवा नवा साप महिना-दीड महिना वेगळा ठेवण्यासाठी टब उत्तम. माझ्याकडेही एक कायम तयार असतो. पाथर्डीचे दादा पेटी होईपर्यंत तिला टबमध्ये ठेवणार असतील तर मी हो म्हणेन. पण आयुष्यभर? रात्री दिवे घालवून माझ्या पेटीकडे बघत बसा कधी. फांदीवर चढते, सगळ्या भिंती हुंगून येते, पूर्ण लांब होते. टबमध्ये ती सरळसुद्धा होऊ शकत नाही. शांत बसलेला साप सुखात आहे असं आपण धरून चालतो, कारण तो ओरडत नाही. आणि ही दोन-चार वर्षांची गोष्ट नाही. पाळलेले बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतात. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या मादीने २०२० मध्ये अंडी दिली तेव्हा तिचं वय ६२ च्या पुढे असल्याचं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. इतकी वर्षं ज्या जागेत काढायची ती जागा नीट असावी, एवढंच माझं म्हणणं.

त्र्यंबकरस्ता_सर्पमित्र

आईंची भीती अगदी बरोबर आहे, त्याबद्दल लिहितो. दोन सरकत्या काचांमध्ये जी फट राहते तिथून साडेतीन फुटी साप निघत नाही, पण काच नाकाने ढकलून सरकवतो. शोकेसचं दातेरी कुलूप लावाच. पंधरा मिनिटांसाठी पेटी उघडी ठेवून फोन घ्यायला जाऊ नका.

निसटला तर काय होतं ते मी बघितलंय. बॉल पायथनच्या अंगावरचे तपकिरी पट्टे बघून लोकांना पहिली घोणसच आठवते. नाशिकच्या आसपास घोणस भरपूर, त्यामुळे ती भीती खोटी नाही. पण शेजाऱ्याच्या हातात काठी आली की ओळख पटवायला वेळ मिळत नाही. जिन्यात, पार्किंगमध्ये एकदा तिचा फोटो दाखवून ठेवा, हा बिनविषारी आहे, दिसला तर मला फोन करा, असं सांगून ठेवा. नोंदणीच्या कागदाची प्रत पेटीजवळ असू द्या. आपला अजगर आणि मांडूळ पाळणं गुन्हा आहे, आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही.

आणि कधी सांभाळणं जमलं नाही तर गंगापूर धरणाकडे किंवा रानात नेऊन सोडायचा विचारही करू नका, कुणीच.

पाथर्डीफाटा_चौथामजला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच तिला आईच्या खोलीत हलवलं. ती खोली उत्तरेला आहे, दुपारी ३१ पर्यंत जाते. टबवाला दादांचंही ऐकलं, सध्या ती मोठ्या टबमध्ये आहे, दोन लपणी आणि कोको चिप्स घालून. पेटी डब्ल्यूपीसीचीच करतो.

दोन शंका. गरम करायला काय वापरू? भावाकडे एक गरम होणारा दगड होता, तो चालेल का? आणि थंडीत वीज गेली तर?

बिटको_चौक

दगड फेकून द्या. त्याची उष्णता एका जागी साठते, सापाला भाजल्याचं वेळेत कळत नाही आणि तो तिथेच बसून राहतो.

१०० वॅटचा सिरॅमिक हीटर, प्रकाश न देणारा, चिनी मातीच्या होल्डरमध्ये. प्लास्टिकचा होल्डर वितळतो. भोवती तारेचा पिंजरा हवा, नाहीतर ती त्याला विळखा घालेल. छतापासून वीतभर खाली. आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय, काहीही चालू करू नका, एक रात्रसुद्धा. अंडी उबवणीच्या मशीनला लावतात तो डिजिटल थर्मोस्टॅट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्याचा सेन्सर गरम लपणीच्या जागी पक्का बांधा, सुटून पाण्याच्या भांड्यात पडला तर हीटर बंदच होणार नाही. काट्याचे चिकटवायचे मीटर घेऊ नका, दोन डिजिटल घ्या, दोन्ही टोकांना.

थंडीचं म्हणाल तर निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या रात्री आपल्याही खोल्या १५-१६ पर्यंत उतरतात. हीटर इन्व्हर्टरवर घ्या, १०० वॅट त्याला जड नाही. इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवा आणि वरून ब्लँकेट, पण भोकं मोकळी सोडून. रात्री २४ च्या खाली जाऊ देऊ नका.

पेटी आली की साप लगेच घालू नका. निदान चार दिवस रिकामी चालवा, दुपारचे आणि पहाटेचे आकडे लिहून ठेवा.

पाथर्डीफाटा_चौथामजला

पेटी परवा आली. बाहेरून पूर्ण चार बाय दोन, भोकं ताईंनी सांगितल्याप्रमाणे, कुलूप आईने स्वतः लावून बघितलं. आकडे: गरम टोक ३२, पहाटे थंड टोक २६, आर्द्रता ६४. पण दुपारी तीनला थंड टोक ३०.५ दाखवतंय, हीटर बंद असताना. घालू का तिला?

बिटको_चौक

अजून नको. खोलीच ३१ होते आहे, पेटीचा दोष नाही. पेटी भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या आणि जमिनीलगत ठेवा, वर टेबलावर नको. दुपारी पडदा ओढा, पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या थंड टोकाच्या बाहेर, बोर्डाला टेकवून ठेवून बघा. दोन दिवस सलग दुपारी २८ च्या आत आलं की संध्याकाळी तिला घाला. मग आठवडाभर हात लावू नका आणि खायलाही देऊ नका.

वजन मात्र दर आठवड्याला करत राहा. ११५० वरून हजाराच्या जवळ आलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या, आणि इथे कळवा.