जीव लावून वाढवलेला गोऱ्हा लिलावात विकायचा: मुलांना हे करू द्यावं का?

मक्याचं रान (आयोवा):
शेजारच्या शेतावरची 13 वर्षांची मुलगी दरवर्षी फोर-एचमध्ये एक अँगस गोऱ्हा वाढवते. फोर-एच म्हणजे इथल्या कृषी विद्यापीठांच्या विस्तार विभागातर्फे चालणारा मुलांचा उपक्रम. गोऱ्हा खच्ची केलेला आणि मांसासाठीच वाढवलेला असतो. हिवाळ्यात वजन करून कानात बिल्ला मारतात, जुलैत काउंटीच्या जत्रेत रिंगणात फिरवतात, मग लिलाव.

या वर्षी माझी लेक रोज सकाळी साडेपाचला त्यांच्या गोठ्यात जायची. सुरुवातीला वासरू मोरकी घालू देईना. पहिला आठवडा दोघींनी त्याला बांधून नुसता खरारा केला. मग पाण्यापर्यंत चालवणं, मग रस्त्यापर्यंत. जत्रेपर्यंत तो सहाशे किलोंच्या घरात गेला, पण लांब काठीने पोटाखाली खाजवलं की मान सैल सोडून उभा राहायचा. लिलावाच्या रात्री ट्रेलर भरला आणि लेक गाडीत येऊन बसली, तेव्हा तिच्या हातात त्याची मोरकी होती. आतल्या बाजूला काळे केस चिकटलेले. ती अजून कुणाला धुऊ देत नाही.

आता पुढच्या वर्षी तिला स्वतःचं वासरू हवंय, शेजाऱ्यांच्याच गोठ्यात. सांगलीहून सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या हातून हे पाप करवून घेऊ नका." मला मात्र हो म्हणावंसं वाटतं. चिकन-मटण आम्ही सगळेच खातो, ते ताटात कसं येतं हे घरात फक्त तिला नीट कळलंय. तुम्हाला काय वाटतं?

निवडुंग:
ताई, माझं मत स्पष्ट आहे. नका करू देऊ. मांस खाणं वेगळं आणि मुलीने वर्षभर एका जिवाचा विश्वास कमवून तो विकणं वेगळं. काठीने खाजवलं की शांत उभं राहायला जे जनावर शिकलं, ते त्याच सवयीने ट्रेलरमध्येही चढतं. ही सवय लेकीनेच लावलेली असणार.

आणि मुलाचं मन ऐनवेळी बदललं तर? कॅलिफोर्नियातल्या शास्ता काउंटीत 2022 मध्ये हेच झालं. नऊ वर्षांच्या मुलीने जत्रेसाठी सीडर नावाचं करडू वाढवलं होतं. लिलावाच्या वेळी तिला ते देववेना. आईने नुकसान भरून द्यायची तयारी दाखवली, तरी पोलिस शेकडो मैल गाडी हाकत गेले, करडू परत आणलं, आणि ते कापलं गेलं. पुढे काउंटीला तीन लाख डॉलर द्यावे लागले. मुलीला काय मिळालं?

माणदेशी:
आम्ही आटपाडी तालुक्यातले, तीन पिढ्या खिलार सांभाळतोय. खरसुंडी, पुसेगावच्या यात्रेला खोंड न्यायचा म्हणजे घरात लग्नासारखी गडबड. माझा पोरगा बारा वर्षांचा आहे, खोंडाच्या अंगावर हात फिरवल्याशिवाय शाळेला जात नाही. त्यामुळे तुमच्या लेकीचं साडेपाचला उठणं मला पुरेपूर कळतं.

पण आमच्यात आणि त्यांच्यात फरक आहे. आम्ही बैल कामाला, शर्यतीला, पैदाशीला ठेवतो. मारायच्या तारखेचा हिशेब धरून कुणी पेंड घालत नाही. पोराला असा हिशेब मी शिकवणार नाही.

तरी एक कबूल करतो. 2015 च्या आधी थकलेला बैल बाजारात नेला की व्यापाऱ्याच्या हातात कासरा द्यायचा आणि मागं न बघता एसटी धरायची, हे वडिलांनी केलं आणि मीही केलंय. तो कुठं जातो हे ठाऊक होतं, घरात कुणी बोलायचं नाही. आता बैलालाही कत्तलबंदी आहे, तर गिऱ्हाईक नाही आणि वैरण परवडत नाही. म्हणून त्या पोरीला पापी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जनावरांचा डॉक्टर (परभणी):
निवडुंग, विश्वासाचा मुद्दा मला उलटा दिसतो. माणसाळलेलं जनावर शेवटच्या प्रवासात कमी बिथरतं, आणि जे माणसाला कधी शिवलंच नाही ते भीतीने अंग आपटतं. रोज हात लागणारं वासरू आजारी पडलं तर त्याच दिवशी कळतं. औषध दिलं की ठरावीक दिवस उलटेपर्यंत ते मांसासाठी विकता येत नाही, त्याची नोंद ठेवायची सवय या मुलांना लागते. आपल्याकडे मोठ्या डेअरीवालेसुद्धा ही नोंद ठेवत नाहीत, हे मी रोज बघतो.

माझा आक्षेप खुराकावर आहे. गोऱ्ह्याचं पोट गवताचं. दिवसाला सव्वा-दीड किलो वजन चढावं म्हणून घाईने मका वाढवला की पोटात आम्ल होतं, पोटफुगी होते, खूर दुखावतात. होकार दिलात तर मका किती आणि किती दिवसांत वाढवायचा, हे लेकीला आधी शिकू द्या. रिंगणातली चाल नंतर.

ह्यूस्टनवासी:
तुमची काउंटीची जत्रा छोटी आहे, तिथेच राहू द्या. आमच्याकडे ह्यूस्टनच्या प्रदर्शनात 2022 मध्ये पहिल्या नंबरचा गोऱ्हा दहा लाख डॉलरला गेला. त्याचा मोठा भाग मुलांच्या शिष्यवृत्त्यांना जातो, ते चांगलंच आहे. पण या आकड्यांमागे महागडी वासरं विकत घेणारे पालक आणि जनावरांचे केस कापून सजवणारे पगारी लोक येतात. मूल फक्त दोरी धरतं.

सासूबाईंना एक गोष्ट जरूर सांगा. इथे रिंगणात वशिंडवाली, गळ्याखाली लोंबत्या पोळीची ब्राह्मण जातीची गुरं असतात. ती गुजरात, आंध्रातल्या गुरांबरोबर आपल्या कृष्णाकाठच्या गुरांपासूनही घडवलेली आहेत. सांगलीचं रक्त टेक्सासात आहे.

निवडुंग:
डॉक्टर, बिथरत नाही हे मान्य. पण ते जनावराच्या बाजूचं झालं, मी मुलीबद्दल बोलतेय. माणदेशींनी मागं न बघता एसटी धरली, ते मोठे होते. लेकीला या वयात तेच शिकवायचं का? आणि ताई, तुम्ही लिहिलंय की लेक गाडीत येऊन बसली. म्हणजे ट्रेलर भरताना तुम्ही तिथे नव्हतात.

मक्याचं रान (आयोवा):
नव्हते. मी गाडीतच बसून राहिले, काचा वर करून. निवडुंग, तुमचं वाचून काल रात्री लेकीला विचारलं, तुला तिथे एकटं वाटलं का? म्हणाली, "हो, पण मी त्याला सोडून आधी निघून आले असते तर जास्त वाईट वाटलं असतं."

वासरं ऑक्टोबरात निवडायची आहेत. डॉक्टर, खुराकाचं वेळापत्रक तुम्हाला पाठवते, नजर टाका. लेक तेव्हाही हो म्हणाली तर घेऊ, आणि जुलैत ट्रेलरपाशी मी तिच्या शेजारी उभी असेन. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. रविवारी फोन करते.