शब्दचर्चा : ‘अकाउंट हॅक झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

परवा आत्याचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. “अगं, माझं अकाउंट हॅक झालंय. माझ्या नावाने सगळ्यांकडे पैसे मागितले जातायत.” मी तिच्याकडे गेले, फोन हातात घेतला आणि आधी सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या उपकरणांवर लॉगिन आहे ती यादी उघडली. यादीत एकच उपकरण होतं, माझ्या हातातलं. मग ज्यांना मेसेज आले होते त्यांच्यापैकी एकाकडून स्क्रीनशॉट मागवला. फोटो आत्याचा, नाव आत्याचं, पण नावाच्या शेवटी एक टिंब जास्त. कोणीतरी तिचा फोटो उचलून दुसरंच अकाउंट काढलं होतं. तिच्या अकाउंटला कोणी हातही लावला नव्हता. पण तोवर तिने घाबरून दोनदा पासवर्ड बदलला होता आणि दुसऱ्यांदा काय ठेवला ते आठवत नव्हतं.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. कोणी नावाचं सोंग घेतलं तरी ‘हॅक झालं’. फोनवर गोड बोलून लॉगिनचा सहा आकडी कोड काढून घेतला तरी ‘हॅक झालं’. एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवरून लाखो लोकांचे पासवर्ड बाहेर पडले, त्यात आपलाही होता, तरी तेच. आणि कोणी खरोखरच प्रोग्रॅममधली फट शोधून आत शिरलं तरीही तेच. या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे, म्हणून मला हा शब्द खटकतो. सोंग घेणाऱ्यापुढे पासवर्ड बदलून काही उपयोग नाही, त्या खोट्या अकाउंटची तक्रारच करावी लागते. पासवर्ड बाहेर पडला असेल तर तो जिथे जिथे वापरलाय तिथे तिथे बदलावा लागतो. कोड दिला गेला असेल तर आधी सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट.

मराठीत यांना वेगवेगळे शब्द रुळवता येतील का? आणि ‘हॅकर’चा मूळचा चांगला अर्थ आपल्याकडे का पोचला नाही?

प्रतिसाद :

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात विद्यार्थ्यांचा एक क्लब होता (अजूनही आहे), खेळण्यातल्या रेल्वेचा. हॅक हा शब्द त्या चांगल्या अर्थाने तिथे वाढला. त्यांच्या 1955 च्या एका सभेच्या इतिवृत्तात विनंती आहे की, विजेच्या यंत्रणेवर ‘हॅकिंग’ करणाऱ्यांनी आधी वीज बंद करावी, नाहीतर फ्यूज उडतो. म्हणजे तारा जोड, रिले बदल, बघू काय होतंय, असली उद्योगी हौस. त्याच मुलांच्या हाती पुढे संगणक आले आणि शब्दही त्यांच्याबरोबर गेला.

पत्रकारांनी हा शब्द बिघडवला असं आपल्या मंडळींमध्ये नेहमी म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. 1983 मध्ये अमेरिकेतल्या काही किशोरवयीन मुलांनी लॉस अ‍ॅलमॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणच्या संगणकांत शिरकाव केला, ते प्रकरण गाजलं आणि ‘हॅकर म्हणजे घुसखोर’ हे घरोघर पोचलं. पण त्याच्या वीस वर्षं आधी, 1963 मध्ये, एमआयटीच्याच विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात टेलिफोन यंत्रणेशी छेडछाड करणाऱ्यांना हॅकर म्हटलेलं सापडतं. दोन्ही अर्थ एकाच अंगणात वाढले आहेत.

प्रतिसाद :

मग याला मराठी जोड आहे की! खटपट. ‘पोरगं खटपट्या आहे, बंद पडलेला रेडिओ चालू करून दाखवला’ हे कौतुक. आणि ‘खटपटी-लटपटी करून पद मिळवलं’ ही निंदा. धातू तोच, करणाऱ्याची हुशारीही तीच. फरक कशासाठी केली एवढाच. चांगल्या अर्थाच्या हॅकरला मी खुशाल खटपट्या म्हणेन.

‘क्रॅकर’ हा वेगळा शब्द 1985 च्या सुमारास खुद्द हॅकर लोकांनीच पुढे केला होता, घुसखोरांना आपल्यापासून वेगळं काढायला. 1993 मध्ये इंटरनेट वापरणाऱ्यांसाठी निघालेल्या शब्दसूचीतही (आरएफसी 1392 हा दस्तऐवज) हा फरक नोंदवला गेला. तरी लोकांच्या तोंडी तो बसला नाही. वरून लादलेले शब्द बसत नाहीत, त्यामुळे आपणही नवीन संस्कृत जोडशब्द घडवू नयेत असं मला कळकळीने वाटतं.

धागाकर्ती :

खटपट्या फारच आवडला. आणि नवीन घडवायला नको, हेही पटलं. मला वाटतं, जुनेच पुरतील.

पासवर्ड फुटला. पेपर फुटतो तसाच. पेपर फुटला म्हटलं की विद्यार्थ्याने काही केलं असं कोणी समजत नाही. जिथे तो सांभाळून ठेवायचा तिथून बाहेर पडला, हे आपोआप कळतं. शिवाय फुटलेला पेपर पुन्हा वापरता येत नाही, हेही त्यात आलंच.

अकाउंट फोडलं. कुलूप फोडलं, घर फोडलं, तसं. यात करणारा कोणीतरी आहे.

आणि आत्याच्या बाबतीत जे घडलं त्याला तर तयार शब्द आहे, तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला, तेव्हा भाऊंना कोणी ‘हॅक’ केलं नव्हतं! नाव आणि चेहरेपट्टी वापरून ओळखीच्या माणसांना फसवायचं, हे काम तेव्हाचं आणि आताचं अगदी एकच आहे.

प्रतिसाद :

एका मुद्द्यावर थांबवते. ‘हॅक झालं’ मधलं ‘झालं’ मला मोलाचं वाटतं. माझ्या वडिलांनी फोनवर कोड सांगितला होता. नंतर कित्येक दिवस ते कोणाशी नीट बोलत नव्हते. ‘बाबा, तुम्ही कोड दिलात’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्यांना थोडं थोडं गप्प केलं. ‘हॅक झालं’ म्हटल्यावर ते बोलायला लागले. पाऊस झाला, अपघात झाला, तसं हेही झालं. अचूक शब्दापायी माणसावर दोष जाणार असेल तर मला तो शब्द नको.

धागाकर्ती :

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमचं बरोबर आहे, मी उपायाचा विचार केला आणि माणसाचा राहून गेला.

पण ‘झालं’ मध्ये वडिलांचा दोष जातो तसा चोरही निसटतो. पाऊस कोणी पाडत नाही. हे मात्र कोणीतरी ठरवून, आवाज कमावून, घाई करून केलेलं असतं. म्हणून वाक्याचा कर्ता तोच ठेवावा. ‘तुम्ही कोड दिलात’ नको आणि ‘हॅक झालं’ही नको. ‘त्याने बाबांना गंडवून कोड काढून घेतला.’ गंडवलं, लुबाडलं, या क्रियापदांत दोष गंडवणाऱ्याकडेच राहतो. आणि ऐकणाऱ्यालाही समजतं की उद्या असाच फोन मला येऊ शकतो.

प्रतिसाद :

गंडवून काढून घेतला. हे वडिलांसमोर म्हणता येईल. आभार.

प्रतिसाद :

‘एथिकल हॅकर’चं काय करायचं? ‘नैतिक हॅकर’ म्हटलं की बाकीचे अनैतिक असं गृहीत धरल्यासारखं होतं. माझी मुलगी सुरक्षा तपासणीचं काम करते. कंपनीच्या लेखी परवानगीनेच ती त्यांच्या यंत्रणेत फटी शोधते आणि अहवाल देते. घरच्यांना सांगताना ती ‘मी कुलपं तपासते’ म्हणते, आणि सगळ्यांना पहिल्या फटक्यात कळतं.

धागाकर्ती :

माझ्या मते तिथे ‘हॅकर’ तसाच राहू द्यावा. नोकरीच्या जाहिरातीत तोच येणार, आणि तो वाईट नाही हे तुमच्या मुलीसारख्यांमुळेच लोकांना कळेल. घरात मात्र ‘कुलपं तपासते’ याच्याइतकं चांगलं मला काही सुचत नाही.

जाता जाता, काल आत्याने सगळ्यांना पाठवलेला मेसेज तिच्याच शब्दांत : “माझ्या नावाने एक तोतया फिरतो आहे. माझं अकाउंट व्यवस्थित आहे. नावापुढे टिंब असेल तर ती मी नाही. पैसे देऊ नका, तक्रार नोंदवा.” संध्याकाळपर्यंत बऱ्याच जणांनी तक्रार केली. पासवर्ड बदलायचा का, असं कोणीच विचारलं नाही.