सिनेमाचं पात्र टॉवेलवर: ‘स्टार वॉर्स’चा धंदा नेमका वाढला कसा, आणि लायसन घ्यायचं तर काय बघायचं?

टेरी_सोलापूर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत जेकार्ड टेरीचं (मागावरच चित्र विणलेल्या, फंद्यांच्या टॉवेल कापडाचं) छोटं युनिट आहे. माल बहुतेक हॉटेलचा आणि गिफ्टचा. आता मागणी आलीय मुलांच्या टॉवेलची, सिनेमातली पात्रं घालून, आणि पहिलं नाव ‘स्टार वॉर्स’चं. त्यावर तीन प्रश्न आहेत.

एका सिनेमातून एवढा बाजार उभा राहिला कसा? सिनेमा चालला म्हणून, एवढं उत्तर पटत नाही. चालणारे सिनेमे ढिगानं आहेत, त्यांच्या नावाची साधी कंपासपेटीसुद्धा खपत नाही.

दुसरं, अधिकृत लायसनचा हिशोब कसा बसतो? व्यापारी म्हणतो, “नाव घालू नका, नुसतं ते शिपायांचं पांढरं हेल्मेट घाला, कोण बघायला येतंय.” हे चालतं का?

तिसरं, दोन रंगांच्या जेकार्डवर असलं डिझाइन नीट उठतं का? जाणकारांनी तपशिलात सांगा की.

---

जुनी_खेळणी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

लोक सांगतात ती गोष्ट अशी: ‘अमेरिकन ग्राफिटी’ (१९७३) जोरात चालल्यावर जॉर्ज लुकासला ‘स्टार वॉर्स’च्या दिग्दर्शनाचे जास्त पैसे मागता आले असते. त्यानं दीड लाख डॉलरवर समाधान मानलं आणि बदल्यात पुढच्या भागांचे आणि वस्तूविक्रीचे हक्क पदरात पाडून घेतले. सिनेमा काढणारी फॉक्स कंपनी बावळट, लुकास हुशार. पण फॉक्सला तो कागद फुटकळ का वाटला, हे कोणी सांगत नाही. १९६७ साली याच फॉक्सनं ‘डॉक्टर डूलिटल’साठी शेकडो वस्तू बाजारात उतरवल्या होत्या. सिनेमा आपटला आणि माल दुकानात पडून राहिला. शिवाय खेळण्याचा साचा तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि तेव्हाचा सिनेमा काही आठवड्यांत थिएटरमधून उतरायचा. खेळणी दुकानात येईपर्यंत मुलं सिनेमा विसरलेली असायची. म्हणून खेळणीवाले टीव्ही मालिकांच्या मागे असत, पात्र दर आठवड्याला घरात येतं म्हणून. मेगोसारख्या त्या काळच्या मोठ्या खेळणी कंपनीनं ‘स्टार वॉर्स’ला नकार दिला तो याच हिशोबानं.

लुकासच्या बाजूनं विक्री बघणारा चार्ल्स लिपिनकॉट यानं मशागत आधीच करून ठेवली होती. जुलै १९७६ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक संमेलनात सिनेमा दाखवला, म्हणजे स्लाइड आणि पोस्टर. नोव्हेंबरमध्ये कादंबरी आली (नाव लुकासचं, लिहिली ॲलन डीन फॉस्टरनं). १९७७ च्या वसंतात मार्व्हलचं कॉमिक स्टॉलवर होतं. २५ मे १९७७ ला सिनेमा लागला तो जेमतेम तीसेक थिएटरांत, पण रांगेतल्या पहिल्या माणसांना पात्रांची नावं पाठ होती.

खेळण्यांचा करार सिनसिनाटीच्या केनर कंपनीनं केला, तोही प्रदर्शनाच्या तोंडावर. त्यामुळे १९७७ च्या नाताळाला पुतळे तयार असणं शक्यच नव्हतं. केनरनं मग काय करावं? रिकामं पाकीट विकलं. आत पुठ्ठ्याचा देखावा, स्टिकर, क्लबचं कार्ड आणि एक प्रमाणपत्र. ते भरून पाठवलं की ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू हे चार पुतळे फेब्रुवारी ते जूनच्या दरम्यान टपालानं घरी. याला लोक चलाखी म्हणतात, माझ्या मते नाइलाजातून निघालेला मार्ग होता. तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट त्याच्या शेजारी आहे. त्याच नाताळाला केनरचे जिगसॉ आणि बोर्ड गेम दुकानात होते, टॉप्सची चित्रकार्डं तर आधीपासून. कागदाला पोलादी साचा लागत नाही. कापडालाही नाही. जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावच्या बिब कंपनीनं ‘स्टार वॉर्स’च्या चादरी आणि अभ्रे काढले, आणि ते आज जुन्या वस्तू जमवणारे हौशी लोक शोधत फिरतात. थोडक्यात, या धंद्यात चादरवाला पहिल्यापासून आहे.

आता खरा मुद्दा, पुतळ्याचं माप. त्या आधीचे बहुतेक पुतळे आठ इंची नाहीतर बारा इंची. केनरनं पावणेचार इंच धरलं. हान सोलो या वैमानिक पात्राला बारा इंची करून बसवायचं तर त्याचं यान पाच फुटी होईल, ते कोण घेणार? पावणेचार इंचात यान, तळ, वाहनं सगळं एकाच मापात बसलं. बाहुली स्वस्त, म्हणून एक घेतली की दुसरी, आणि दोन झाल्या की यान. पुठ्ठ्याच्या मागे पहिल्या बाराही पुतळ्यांचे फोटो, म्हणजे तुझ्याकडे कुठला नाही ते मुलाला घरबसल्या दिसतं. पडद्यावर दोन सेकंद दिसणाऱ्या बिननावाच्या प्राण्यांनाही पुढे नावं देऊन पुतळे काढले. १९७८ या एका वर्षात केनरनं ४ कोटींहून जास्त नग विकले.

बारीकसारीक गोष्टीही बघण्यासारख्या आहेत. जावा नावाचा बुटका पुतळा आधी प्लास्टिकचा झगा घालून आला. इतरांएवढीच किंमत, पण हातात घेतल्यावर चिल्लर वाटायचा. केनरनं तिथे कापडी झगा आणला. आज प्लास्टिक झग्याचा अस्सल नग महाग आहे, म्हणून दुसऱ्या खेळण्याचा झगा चढवून फसवणारेही पुष्कळ.

१९८३ ला तिसरा भाग आला आणि १९८५ पर्यंत दुकानं थंड. तेव्हा लाट कायमची नसते. पुन्हा उठली ती १९९१ च्या टिमोथी झानच्या कादंबरीनंतर, मग १९९५ ला नवे पुतळे, १९९७ ला जुन्या सिनेमांच्या नव्या आवृत्त्या. १९९९ च्या भागाला इतका माल ओतला की कित्येक दुकानांत साठा पडून राहिला. त्याच वर्षी लेगोनं पहिल्यांदा बाहेरच्या कथेचं लायसन घेतलं, ते याचंच. डिस्नेनं २०१२ मध्ये ४०५ कोटी डॉलरला लुकासफिल्म घेतली, तेव्हा सिनेमांइतकाच हा वस्तूंचा पसारा त्यांनी मोजला असणार, असं माझं मत.

---

करारनामा

दुसऱ्या प्रश्नावर.

आधी हेल्मेटचं. व्यापाऱ्याला सांगा, नाव काढल्यानं काही सुटत नाही. चित्र हे कॉपीराइटचं आणि ओळखचिन्ह ट्रेडमार्कचं, दोन वेगळे कायदे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि जप्ती होते ती मालाची. कोणीतरी २०११ चा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करेल, की हेल्मेट हे ‘शिल्प’ नाही असं ठरलं. ठरलं, पण ते त्रिमितीय हेल्मेटबद्दल आणि त्यांच्या कायद्याखाली. त्याच खटल्यात अमेरिकन कॉपीराइटचा दावा ब्रिटनच्या कोर्टात चालू शकतो हेही ठरलं. टॉवेलवरचं चित्र हा प्रश्नच निराळा. त्या भरवशावर मागावर बीम (ताण्याचा रूळ) चढवू नका.

आता लायसन. त्यात चार आकडे बघायचे: रॉयल्टीचा टक्का, किमान हमी, मुदत, प्रदेश. दर वस्तूनुसार आणि पात्रानुसार बदलतो, म्हणून फक्त उदाहरण घ्या. समजा टॉवेल कारखान्यातून २०० रुपयांना जातो, रॉयल्टी १० टक्के, किमान हमी १० लाख. नगामागे २० रुपये, म्हणजे हमी फिटायला ५०,००० नग. विकले गेले ३०,००० तर रॉयल्टी होते ६ लाख, पण भरायचे १० लाखच. नगाला ३३ रुपये ३३ पैसे पडले, १० चे जवळपास पावणेसतरा टक्के झाले. छोटा माणूस बुडतो तो टक्क्यात नाही, हमीत.

दुसरी खाच उधारीची. रॉयल्टी बिल फाडल्यावर लागते, पैसे आल्यावर नाही, आणि हिशोब बहुधा तिमाहीला द्यायचा. आपल्याकडे माल ९० दिवसांच्या उधारीवर जातो. म्हणजे वसुलीच्या आधी रॉयल्टी खिशातून. व्यापाऱ्यानं बुडवलं तरी ती वजा होत नाही.

तिसरी, सोलापूरकरांना सगळ्यात जड जाणारी: जॉबवर्क. रंगणी एकाकडे, विणणं दुसऱ्याकडे, शिलाई-हेमिंग तिसऱ्याकडे, ही आपली रीत. पण डिस्नेसारखे हक्कधारक प्रत्येक ठिकाणाची परवानगी आधी घ्यायला लावतात आणि कामगार तपासणीचा अहवाल मागतात. पगारपत्रक, वयाचे पुरावे, आग लागली तर बाहेर पडायची वाट, हे सगळं त्या बाहेरच्या शेडमध्येही लागतं. गर्दीच्या महिन्यात न सांगता शेजारच्या मागावर बीम टाकलं की करार मोडला.

चौथी: सेकंड माल. डाग पडलेला, पिक (आडवा धागा) चुकलेला टॉवेल आपण किलोवर विकून मोकळे होतो. पात्राचा सेकंड असा बाहेर गेला की तोच मुद्दा धरून नोटीस येते. कापून नष्ट करायचा आणि नोंद ठेवायची. भाव काढताना सेकंडची टक्केवारी पूर्ण तोट्यात धरा.

मुदत संपल्यावर उरलेला साठा विकायला ठरावीक दिवस मिळतात, ते करारात लिहून घ्या. आणि मंजुरी तीनदा असते: कागदावरचं चित्र, विणलेला नमुना, मग चालू उत्पादनातला नग. प्रत्येक खेपेला आठवडे जातात. सिनेमाच्या तारखेवर माल हवा असेल तर उलटं मोजत या.

---

टेरी_सोलापूर

मालक, हमीचा हिशोब ऐकूनच घाम फुटला. जेकार्डचं कोणी सांगा, मग ठरवतो.

---

हूक_२६८८

दोन रंगी पाइलमध्ये (फंद्यांच्या थरात) एक रंग वर आला की दुसरा मागे जातो. म्हणजे मागच्या बाजूला चित्र उलटं, पांढऱ्याचं काळं. पांढरं हेल्मेट काळ्यावर अप्रतिम दिसतं आणि मागची बाजूही खपते. माणसाचा चेहरा मात्र सोडून द्या. सावलीला मधला रंग नाही, त्वचेला तिसरा नाही.

बहुतेकांची चूक ग्राफमध्ये (विणीच्या चौकटींच्या आराखड्यात) होते. आडवे इंचाला समजा २८ पाइल टाके बसतात. उभं मोजाल तर तीन पिकांना एक फंदा, म्हणजे ४८ पिकांत १६ ओळी. चौकट चौरस नाही. कॉम्प्युटरवर चौरस खान्यात गोल काढला आणि तसाच मागावर दिला, की उभा लांबट अंडाकार येतो. ग्राफ २८:१६ लाच काढायचा, आणि त्यात धुण्याची आट (कापड आकसणं) धरायची. लांबीत आणि पन्ह्यात आट सारखी नसते. तेव्हा नमुना तीनदा धुऊन मोजा, ग्राफ त्यावरून दुरुस्त करा, आणि मंजुरीला पाठवायचा तो धुतलेलाच. कोरा पाठवला आणि उत्पादनाचा धुतलेला गेला तर तिसऱ्या मंजुरीत अडकतो.

तीन फंद्यांपेक्षा बारीक रेघ ठेवू नका. फंदे वाकतात आणि ती गिळली जाते. डोळ्याच्या खाचा, जाळी, अक्षरं यातच फसगत होते. अक्षरं घालायचीच असली तर बॉर्डरच्या सपाट पट्टीत घाला.

रंगाचा नंबर हक्कधारक देतो, पण सुती कापडाच्या सपाट नमुन्यावर. तेच सूत फंद्यात गडद दिसतं. लच्छीवर जुळवून रंगारी मोकळा होतो आणि टॉवेल एक छटा गडद उतरतो. जुळवणी विणलेल्या तुकड्यावर, लाइट बॉक्समध्ये (ठरावीक उजेडाच्या पेटीत) करा. काळ्या-पांढऱ्यात आणखी एक भानगड: काळं सूत नीट सोपिंग (रंगवल्यावर साबणाच्या पाण्यातली धुलाई) झालं नसेल तर पहिल्याच धुण्यात पांढरं राखाडी होतं. मुलांचा माल आहे, गरम पाण्यात आणि साबणात रोज पडणार.

पूर्ण रंगीत चित्रच हवं असेल तर एका बाजूचे फंदे कातरून त्यावर रिॲक्टिव्ह छपाई. कातरण्यात वजन जातं, म्हणून विणताना जीएसएम (चौरस मीटरचं वजन) चढं धरा. आणि कातरलेली बाजू पाणी कमी शोषते, ही तक्रार येणारच.

---

नवी_पेठ

एक पर्याय कोणी मांडला नाही: स्वतःची पात्रं. चार-सहा पात्रांचा संच, तेच हात रुमाल, आंघोळीचा टॉवेल आणि चादरीवर. वर पावणेचार इंचाचं जे सांगितलं ते इथे लावा. मुलानं एक घेतल्यावर जोडीचं दुसरं दुकानात दिसलं पाहिजे, आणि लेबलच्या मागे सगळ्यांची चित्रं.

कागदपत्रं लायसनपेक्षा फार स्वस्त. पात्राचं नाव आणि चिन्ह ट्रेडमार्क वर्ग २४ मध्ये टाका, चादर-टॉवेल त्यात येतात. कपडे काढणार असाल तर २५ पण. छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी वर्गाला ४,५०० रुपये, मुदत दहा वर्षं. विणीच्या डिझाइनची नोंदणी वेगळी, डिझाइन कायद्याखाली, आणि ती माल बाजारात किंवा प्रदर्शनात दाखवण्याआधी. कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) बघा: डिझाइन म्हणून नोंदता येण्यासारखी गोष्ट न नोंदता यंत्रावर पन्नासपेक्षा जास्त वेळा काढली, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट जातो. पन्नास टॉवेल म्हणजे मागाची किरकोळ चाल. आपल्या गावात नमुना शेजारच्या गल्लीत पोचायला वेळ लागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

उरलेल्या टेरीची बाहुली करून जोडीला द्यायचा मोह होईल. ती खेळणं ठरते, आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. चाचणी आयएस ९८७३ प्रमाणे. बटणाचे डोळे लावलेत तर ओढून तुटतात का हे तपासतात, म्हणून डोळे भरतकामाचे ठेवा.

आणि लायसनच घेणार असाल तर सिनेमाच्या तारखेमागे धावू नका. २०१९ च्या शेवटी ‘द मँडलोरियन’ या ‘स्टार वॉर्स’च्याच मालिकेत एक हिरवं बाळ आलं तेव्हा गुपित फुटू नये म्हणून वस्तू आधी काढल्याच नव्हत्या. जगभर मागणी, आणि नाताळाला अधिकृत बाहुली दुकानात नाही. १९७७ ला साच्यामुळे जे झालं तेच इथे गुपितामुळे. अशा वेळी आधी बाजारात आले ते टी-शर्ट आणि कॉफीचे मग. टॉवेल त्याच रांगेतला आहे. मंजूर चित्र हातात, सूत रंगवून तयार, आणि बीम एका आठवड्यात चढवता येईल अशी सोय असेल तर हमी थोडी कमी करून मागायला तोंड राहतं. ५०,००० नगांची हमी एकदम घेऊ नका. एकच प्रदेश, एकच वस्तू, दोनच पात्रं, एवढ्यावर बोलणी सुरू करा.