घरून तब्येतीवर नजर ठेवणं ही थेरं नाहीत: सोसायटीतल्या काकांना उत्तर

कोलशेतकर
परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांची लांबलचक पोस्ट आली. सार असं: घरी बीपी, वजन, शुगर मोजून डॉक्टरला मोबाइलवर पाठवणं ही पैसेवाल्यांची थेरं आहेत, त्यानं म्हातारी माणसं उगाच धास्तावतात, आणि नाडीला हात न लावता औषध देतो तो डॉक्टरच नव्हे. खाली अंगठ्यांची रांग. त्या रांगेत हार्टचे पेशंट असलेली दोन घरं मला माहीत आहेत. ती पोस्ट वाचून त्यांनी वजनकाटा माळ्यावर टाकला तर? म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या आईला हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी. अशा पेशंटच्या अंगात पाणी साठायला लागलं की पायावर सूज येण्याआधी, दम लागण्याआधी ते काट्यावर दिसतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते खाण्याचे नसतात, पाण्याचे असतात. आई सकाळी बाथरूमला जाऊन आली की चहाच्या आधी काट्यावर उभी राहते. आकडा फोनमध्ये जातो, तिथून हार्ट क्लिनिकच्या नर्सकडे. गेल्या पावसाळ्यात काटा असाच चढला. आईचं म्हणणं, “मी ठणठणीत आहे.” नर्सचा फोन आला आणि तिनं विचारलं, रात्री उशा किती लागतात? एकाच्या दोन झाल्या होत्या. अंगात पाणी साठलं की आडवं झाल्यावर दम लागतो, म्हणून उशा वाढतात. घरात हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नसता. डॉक्टरांनी व्हिडिओवर बघितलं, लघवीची गोळी वाढवली, क्रिएटिनिन-पोटॅशियमसाठी (गोळीनं किडनी आणि क्षार बिघडले नाहीत ना ते बघायला) लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन गेला. आठवड्याच्या आत काटा खाली आला. त्याच्या आधीच्या वर्षी हेच दुखणं आयसीयूत पोचलं होतं, तेही मध्यरात्री मानपाड्याच्या कोंडीत ॲम्ब्युलन्स अडकून.

माझ्या एका आईवरून बोलत नाहीये. जर्मनीत १५७१ हार्ट फेल्युअर पेशंटवर अभ्यास झाला, २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नेहमीच्या उपचारात वर्षाला शंभर पेशंटमागे ११च्या आसपास मृत्यू होते, घरून नजर ठेवलेल्यांमध्ये ८च्या आसपास. आणि काकांना एवढंच विचारतो: २०२१च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, आपल्याच बिल्डिंगमध्ये ऑक्सिमीटर एका दारातून दुसऱ्या दारात फिरत होता. तेव्हा आकडा ९४च्या खाली तर जात नाही ना, हे बघत सगळेच बसायचो. तेव्हा ती थेरं नव्हती?

नौपाडा_जुना
ती पोस्ट माझी नाही, पण अंगठा मीही दिला असता.

माझा मोठा भाऊ डायबेटिसचा. मुलांनी एका कंपनीचं पॅकेज घेतलेलं, घरात सगळी यंत्रं. एका संध्याकाळी त्याला घाम फुटला, मळमळायला लागलं. वहिनीनं हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या मुलीनं आकडे मागितले. बीपी १३०/८०, ऑक्सिजन ९७. “सगळं नॉर्मल आहे, ॲसिडिटी असेल, आराम करू द्या.” सकाळी ईसीजीत अटॅक निघाला. हृदयाचा तेवढा भाग कायमचा गेला. डायबेटिसवाल्यांच्या नसा बधिर होतात, छातीत दुखेलच असं नाही, हे त्या मुलीला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्यासमोर फक्त आकडे होते आणि आकडे चांगले होते.

आमचे जुने फॅमिली डॉक्टर जिना चढून वर यायचे. दारातून चेहरा बघूनच म्हणाले असते, चला, उठा. आज ठाण्यात गुडघ्याचा वेगळा, खांद्याचा वेगळा स्पेशालिस्ट मिळेल, पण आख्खा माणूस बघणारा मिळत नाही. ती पोकळी ॲपनं भरून निघते असं मला कोणी सांगू नये.

वर्तकनगरचा डॉक्टर
जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, अजून जिने चढतो, म्हणून दोन्हीकडून बोलतो.

कोलशेतकर, जर्मनीचा अभ्यास खरा आहे. पण त्याच्या आधीचा अमेरिकेतलाही सांगायला हवा होता. २०१०, १६५३ पेशंट, हार्ट फेल्युअरच. तिथे पेशंटनं रोज फोन करून यंत्राच्या प्रश्नांना बटणं दाबून उत्तरं द्यायची होती. सहा महिन्यांनी ना मृत्यू कमी, ना ॲडमिशन. १४ टक्के पेशंटनी ती सोय एकदाही वापरली नाही. जर्मनीत मात्र पलीकडे चोवीस तास जागे डॉक्टर आणि नर्स होते, पेशंटला ओळखणारे. फरक यंत्राचा नाही, यंत्राच्या पलीकडे कोण बसलंय त्याचा आहे. तुमच्या नर्सनं उशा विचारल्या. नौपाड्याच्या काकांच्या वहिनींना नुसता आकडा विचारला गेला.

आता माझं दुखणं. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर बीपीच्या मशीनचा फोटो येतो. तारीख नाही, वेळ नाही, खाली “डॉक्टर बघा ना”. बाजारातून जिना चढून आल्या आल्या घेतलेलं, शर्टाच्या बाहीवर पट्टा, मोजताना टीव्हीवर बोलणं चालू. असा आकडा बघून मी गोळी वाढवायची? पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर, तोंड बंद. पट्टा दंडाच्या मापाचा घ्या, जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटं जास्त येतं. आणि बीपी जास्त धरायची मर्यादा घरच्या आकड्याला १३५/८५ असते, दवाखान्यातल्याला १४०/९०. २५ मार्च २०२०च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून तपासायच्या, नियमांत डॉक्टरनं याची फी घ्यायची सोय स्पष्ट लिहिलेली आहे. पण फोनवर बघितल्याचे पैसे मागितले की माणसं दुखावतात. कोणी तुमच्या आईचे आकडे रोज जबाबदारीनं बघावेत असं वाटत असेल, तर ते काम आहे हे आधी मान्य करा.

सीवूड्सवाली
डॉक्टर, पलीकडे कोण बसलंय म्हणालात म्हणून लिहिते. आमच्याकडे पलीकडे माझा भाऊ बसलाय, न्यू जर्सीत. आईच्या दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर आहे, ग्राफ त्याच्या फोनवर. त्याची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट. तीनला फोन: “आईची शुगर ५८ दाखवतेय, तू झोपलीस काय?” मी धावत जाते. आई त्याच कुशीवर गाढ झोपलेली, दंड अंगाखाली. तिला उठवून बोट टोचते, ग्लुकोमीटरवर १०४. सेन्सर दाबला गेला की आकडा खोटा खाली येतो, हे त्याला मी कितीदा समजावलं आहे. आई उठली ती उठली, मग दिवसभर चिडचिड. सकाळी मला सातची लोकल.

त्याला वाटतं तो आईची काळजी घेतोय. तो ग्राफ बघतोय. काळजी मी घेतेय.

एडिसनहून
हे वाचून राहवलं नाही. मीही न्यू जर्सीतच, एडिसनला. मी तुमचा भाऊ नाही, पण मला तो माहीत आहे. माझे बाबा ऐरोलीत एकटे. बहीण नाही, भाऊ नाही. दिवसा एक केअरटेकर येतो. तो बीपी न मोजताच वहीत आकडे भरत होता हे मला ॲपमुळेच कळलं, कारण वहीत रोज आकडे आणि मशीनच्या मेमरीत काहीच नाही. बाबांना कळलं नव्हतं, शेजाऱ्यांना कळलं नव्हतं. इथून कळलं. ‘ग्राफ बघतोय’ म्हणून हिणवू नका.

सीवूड्सवाली
हिणवत नाहीये. पैसे पाठवणं आणि आईला हाताला धरून रात्री संडासात नेणं एक नाही, एवढंच म्हणतेय. आणि तुम्ही जो पुरावा दिलात तो केअरटेकरवर पाळत ठेवण्याचा आहे. आमच्या घरात पाळत माझ्यावर आहे.

एडिसनहून
हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. दर सुट्टीला, दर लग्नात. “तुला काय, तू तिकडे.” मी इकडे असल्यामुळेच बाबांचं बायपास रोख भरून झालं. रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो तो कोणाला दिसत नाही. तुम्ही निदान उठून बघू शकता. मी काय बघू? तो एक आकडा सोडून माझ्या हातात काय आहे?

घणसोलीकर
अमेरिकेवर घसरू नका. मी ऐरोलीत आयटीत नाइट शिफ्टला, बाबा घणसोलीत, मध्ये दोन स्टेशनं पण नाहीत. मीही फोनवरच बघतो. लांब असणं म्हणजे परदेशच असं कोणी ठरवलं?

सीवूड्सताईंचा राग मला समजतो, पण दोष सेन्सरचा नाही. अलार्म कोणाच्या फोनवर वाजायचा हे घरात बसून कोणी ठरवलंच नाही. आमच्याकडे रात्री तो फक्त आईच्या उशाशी वाजतो. मी सकाळी बघतो.

चरईची आजी
माझं वय ७८. नातवाकडून टाइप करून घेतेय. वर सगळे आईबद्दल, बाबांबद्दल लिहिताहेत. त्या आईला कोणी विचारलंय का?

माझ्या दंडाला पण तो सेन्सर होता, डॉक्टरांनी लावायला सांगितला होता. मला त्याचा फार उपयोग झाला. पोह्यांनी माझी शुगर किती वर जाते ते मी डोळ्यांनी बघितलं, आणि ज्वारीची भाकरी भरपूर पालेभाजीबरोबर खाल्ली तर तेवढी जात नाही तेही. चाळीस वर्षं सगळे मला पथ्य सांगत होते, पण कळलं तेव्हा. मात्र आमरसाची वाटी घेतली की थोड्याच वेळात मुलीचा फोन: “आई, काय खाल्लंस?” मला माझ्या घरात चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. मी तिला सांगितलं, शुगर फार खाली गेली तर तुझ्या फोनवर वाजू दे. बाकीचा ग्राफ माझा आणि डॉक्टरांचा. ती आठवडाभर रुसली. पण ऐकलं.

यंत्र लावा, जरूर लावा. आधी ज्याच्या अंगाला लावताय त्याला विचारा, कोणी बघितलेलं चालेल.

सीवूड्सवाली
आजी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “रात्री मला कोणी उठवू नका, बाकी काय ते बघा.” भावाला तसंच्या तसं पाठवलंय. अजून उत्तर नाही.

मुरबाड_उपकेंद्र
मी ठाणे जिल्ह्यातच आरोग्य उपकेंद्रावर काम करते. तुमचं सगळं वाचलं आणि खरं सांगायचं तर राग आला. सेन्सर, पॅकेज, न्यू जर्सी. माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं बीपी आयुष्यात पहिल्यांदा आमच्याच खोलीत मोजलं जातं. भात लावणीच्या दिवसांत कळव्याला किंवा ठाण्याला सिव्हिलला जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, वर एसटीचं भाडं. मग जात नाहीत. गोळ्या संपल्या की संपल्या. पुढे लकवा मारतो तेव्हा जीपमध्ये घालून आणतात.

आमच्याकडे बीपी-शुगर आम्ही मोजतो आणि ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सेवेवरून डॉक्टरांशी बोलणं करून देतो. ही सेवा नोव्हेंबर २०१९ला सुरू झाली, लोकांना थेट घरून वापरायची एप्रिल २०२०ला आली. रेंज गेली की मी फोन घेऊन बाहेर पिंपळाच्या पारावर जाते, पेशंट माझ्या मागून. पण बाई घरी जाते ती गोळ्या घेऊन, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मोजायला येते. थेरं म्हणणाऱ्यांनी इथे येऊन एक दिवस बसावं.

तक्रार माझीही आहे. पडद्यावरचा डॉक्टर दर वेळी वेगळा असतो. मागचं काय झालं ते मलाच पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

नौपाडा_जुना
मुरबाडच्या ताई, तुमच्याबद्दल माझा एक शब्दही नाही. तिथे तुम्ही स्वतः मोजताय, तुमची माणसं तुम्हाला ओळखतात. मी जे म्हणतोय तेच तुम्ही करताय, फक्त डॉक्टर पडद्यावर आहे.

कोलशेतकर, तुमच्या नर्सबद्दलही मान्य करतो, तिनं उशा विचारल्या हे चांगलं केलं. पण ती रजेवर गेली, नोकरी सोडून गेली, की काय? माझ्या वहिनीला ज्या मुलीनं उत्तर दिलं तीही कोणाची तरी बदली असेल.

कोलशेतकर
काका, तुमच्या भावाचं वाचल्यापासून मी एक गोष्ट केली. घाम, छातीत किंवा जबड्यात दडपण, अचानक दम, बोलणं अडखळणं: यातलं काहीही झालं तर यंत्राला हात लावायचा नाही, आकडा बघायचा नाही, थेट १०८ किंवा हॉस्पिटल. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या खोलीत लावलंय, कामवाल्या मावशींनाही वाचून दाखवलंय. क्लिनिकला विचारलं की नर्स नसेल तेव्हा कोण बघतं. दुसरीचं नाव आणि नंबर दिलाय, आईचं तिच्याशी बोलणंही करून दिलं. पण यावरून वजनकाटा बंद करा असं म्हणाल तर ते मला मान्य नाही. तुमच्या भावाला आकड्यांनी फसवलं नाही, आकड्यांपलीकडे न बघणाऱ्या माणसानं फसवलं.

नौपाडा_जुना
काटा ठेवा. पण महिन्यातून एकदा आईला प्रत्यक्ष दाखवून आणा. माझं एवढं ऐका.

कोलशेतकर
तीन महिन्यांनी नेतो, डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. दर महिन्याला नाही नेणार. घोडबंदरला त्या कोंडीत बसून आली की पुढचे दोन दिवस ती पलंगावरून उठत नाही.

वर्तकनगरचा डॉक्टर
तीन महिने ठीक आहे, मधल्या काळात आकडे वेळेवर जात असतील तर. गोळीचा डोस बदलला की रक्त मात्र एक-दोन आठवड्यांत परत तपासा, पोटॅशियम घसरतं. सीवूड्सताई, तुमच्या आईला सेन्सर दुसऱ्या दंडावर, ज्या कुशीवर ती झोपत नाही त्या बाजूला लावून बघा. पहाटेचे निम्मे फोन तिथेच थांबतील.